उतरत्या आकड्यांची वळकटी

आकडे उतरत जाणारं सॉफ्टवेअर मी आयुष्यात एकदाच पाहिलं. आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीची आवृत्ती चढत जायची, एकाची दोन, दोनाची तीन, आणि दर वेळी केक कापला जायचा. फरीदाबादला मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्या काकांनी मात्र स्वतः बनवलेल्या लिनक्सला पहिल्याच दिवशी दहा आकडा दिला होता आणि तिथून ते खाली येत होते. शून्याला पोचलं की काम संपलं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, संपलं म्हणजे त्यात राहील काय? ते म्हणाले, जेवढं लागतं तेवढं. मला काहीच कळलं नाही, पण मी मान डोलावली. त्या घरात मी जी काही वर्षं काढली, त्यातला बराच काळ मी मान डोलावण्यातच घालवला.

लिनक्स ही कंप्युटर चालवणारी मूळ प्रणाली. ती कुणा एकाच्या मालकीची नाही, त्यामुळे जगभरचे हौशी लोक ती उघडतात, आपल्या मापानं कापतात, बेततात आणि नाव देऊन मोकळे होतात. काकांच्या प्रणालीचं नाव होतं 'वळकटी'. पूर्वी प्रवासाला निघताना सतरंजी, चादर, उशी एकत्र गुंडाळून पट्ट्यानं बांधायचे, ती वळकटी. टेलिफोन खात्यातल्या नोकरीत काकांच्या बदल्या कधी डोंगरात तर कधी वाळवंटात होत गेल्या, आणि दर वेळी आपण एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन हजर झालो, याचा त्यांना फार अभिमान होता. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना हा शब्दच माहीत नव्हता. काकांनी काहीतरी जपानी नाव ठेवलंय असं त्यांना वाटायचं.

ही वळकटी फक्त एका यंत्रावर चालायची. नेटबुक नावाचा प्रकार तेव्हा नवाच निघाला होता. पाठ्यपुस्तकाएवढा लॅपटॉप, दिसायला खेळणं आणि ताकदही तशीच बेताची. काकांच्या मुलानं बंगलोरहून येताना तसलं एक पांढरं नेटबुक आईसाठी आणलं होतं. त्यात जे जे भाग होते तेवढ्यांचीच ओळख काकांनी प्रणालीत ठेवली आणि बाकीचं सगळं उपटून टाकलं. घरात प्रिंटर नाही, म्हणून तिला प्रिंटर माहीत नाही. दुसऱ्या कंपनीचा पडदा कधी येणार नाही, म्हणून तोही माहीत नाही. एकदा पेनड्राइव्हवरून माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर त्यांनी वळकटी सुरू करून पाहिली. पडदा काळा तो काळाच राहिला. मी घाईघाईनं पेनड्राइव्ह उपटला, काका मात्र खूश झाले. दुसऱ्या कुणाकडे ही चालतच नाही, असं त्यांनी जाता-येता शेजाऱ्यांनाही सांगितलं. यात कौतुक काय, हे शेजाऱ्यांनाही कळलं नसावं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते, कारण ते त्या घरात कुणी लपवत नव्हतं. काकू विसरायला लागल्या होत्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी बुद्धवंदना झाली की त्या नेटबुक उघडून नागपूरच्या बहिणीला आणि जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहीत. विद्यार्थ्यांच्या उत्तरातलं शुद्धलेखन तपासून परत पाठवत. डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला एक लांबलचक नाव दिलं होतं, काका त्याला नुसतं 'विसर' म्हणायचे. नेटबुकातली मूळची प्रणाली सुरू व्हायला फार वेळ घ्यायची. काकू बटण दाबायच्या, चष्मा पुसायच्या, तेवढ्यात बाहेर भाजीवाल्याची हाक यायची, आणि पडदा उघडेपर्यंत आपण हे कशाला उघडलं हेच त्यांना आठवायचं नाही. मग त्या ते मिटून ठेवायच्या आणि दिवसभर काहीतरी राहिलंय अशा चेहऱ्यानं घरात फिरायच्या. ते काकांना बघवेना. त्यांनी ठरवलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढायच्या आत पडदा उघडला पाहिजे, आणि उघडल्यावर काकू थबकतील असं त्यावर काही दिसता कामा नये. त्यासाठी ते निवृत्तीनंतर लिनक्स शिकले.

पडद्यावरची मराठी नावं काकूंनीच दिली होती. पत्रांना 'टपाल', लिहायच्या जागेला 'पाटी', साठवलेल्या गोष्टींना 'कपाट'. पत्त्यांच्या खेळाला सरळ 'पत्ते'. सरकारी मराठीतले शब्द काकांनी आधी लावून पाहिले होते, तर काकूंनी म्हणे लाल पेन मागितलं.

मी घर बघायला गेले त्या दिवशीच मला शंका यायला हवी होती. दिल्लीतले बाकीचे घरमालक विचारतात, नॉनव्हेज खाता का, कोण कोण येणार, किती वाजता परत येता. काकांनी विचारलं, सामान किती? मी म्हटलं, दोन सुटकेसी आणि एक खोका. त्यांनी हळहळून मान हलवली. मग म्हणाले, कंप्युटरमध्ये आहेस म्हणजे लिनक्स येत असेल. मी खरं ते सांगितलं, की ओखल्याच्या आमच्या ऑफिसात मी विम्याच्या अर्जांची बटणं दाबून कुठलं मोडतं ते बघते, बाकी मला काही येत नाही. त्यांची निराशा चेहऱ्यावर दिसली, तरी खोली मिळाली. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना माझी ओळख 'हमारी सॉफ्टवेअर इंजिनियर' अशी करून द्यायला लागले.

काढाकाढी नेटबुकापुरती असती तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण काकांचा 'लागतं का?' हा प्रश्न घरभर फिरायचा. टीव्हीच्या रिमोटवर त्यांनी चिकटपट्टी लावून फक्त लागणारी बटणं उघडी ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं काढून टाकली होती, म्हणजे डाळ कुठे आणि साखर कुठे हे काकूंना दुरूनच दिसावं. त्यात अर्थ होता. पण मग सोफा गेला, तो का? जिन्यातली कुंडी गेली, ती का? विचारलं तर म्हणायचे, ती तिथे वळताना अडखळते. मी कुंडीशी कधी कुणाला अडखळताना पाहिलं नव्हतं, मात्र ती गेल्यावर त्या रिकाम्या जागेपाशी मीच रोज थबकायची.

त्या वर्षांत आमच्या सेक्टरात जो तो घर वाढवत होता. कुणी मजला चढवत होतं, कुणी गेटला संगमरवर लावत होतं, हायवेवर नवे मॉल उभे राहत होते. अशात एकाच घरातून सामान बाहेर जाताना दिसलं की लोक काय समजणार? पलीकडच्या खन्ना आंटींनी मला गच्चीवरून विचारलं, "बेटा, अंकल मकान बेच रहे हैं क्या?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी ओळखीचा प्रॉपर्टी डीलर पाठवला. काकांनी त्याला चहा पाजला, त्याच्या हातात तीन मोबाइल होते ते बघून त्यातले किती लागतात यावर चांगली लांब चर्चा केली आणि वाटेला लावलं. तो पुन्हा फिरकला नाही, पण गल्लीत भेटला की मला विचारायचा, अंकल की तबीयत कैसी है? मी म्हणायची, ठीक है. खरं तर मलाही नक्की सांगता आलं नसतं.

एका रविवारी काका मला नेहरू प्लेसला घेऊन गेले. तिथे एका हॉलमध्ये लिनक्सवेड्या तरुणांची बैठक होती. काळे टी-शर्ट घातलेली मुलं आपापल्या प्रणाली पडद्यावर दाखवत होती, कुणाची झळाळती, कुणाची उडत्या खिडक्यांची. काकांनी कापडी पिशवीतून नेटबुक काढलं, बटण दाबलं आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढायच्या आत पडदा उघडला. मुलं पुढे सरकली. एकानं विचारलं, "यूज़र्स कितने हैं, अंकल?"

"एक."

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "एक ही है. लेकिन रोज़ का है."

पुढच्या आवृत्तीत नवीन काय येणार, असं दुसऱ्यानं विचारलं. काका म्हणाले, कॅलेंडर निकाल रहा हूँ. मग मुलांनी त्यांना गराडा घालून असे प्रश्न विचारायला सुरुवात केली की त्यातलं मला अक्षर कळेना. मी समोसे खात बसले. मुलांनी त्यांना मोठं मानलं की येडं, हे मला येताना बसमध्येही ठरवता आलं नाही. काका मात्र चांगलेच फुशारले होते.

काकांची चूक एकच होती आणि ती त्यांच्या खात्यानं त्यांना शिकवली होती. टेलिफोनची लाइन बंद पडेपर्यंत थांबायचं नाही, जरा खरखर ऐकू आली की बदलून टाकायची. काकूंच्या बाबतीतही ते तसंच करायला लागले. काकू एका दुपारी पत्त्यांच्या डावापुढे बराच वेळ हात न हलवता बसलेल्या त्यांना दिसल्या. झालं. दुसऱ्या दिवशी काकू झोपल्यावर त्यांनी पत्ते काढून टाकले. जे आज अडतंय ते उद्या विसरणार, मग विसरल्याचं दुःख तिला का द्यायचं, असा त्यांचा हिशेब. मला तो तेव्हा पटला होता. ते काहीही बोलले तरी मला ते दहा मिनिटं पटायचं आणि मग जिना चढताना पटेनासं व्हायचं.

पत्ते परत आले.

काकांना वाटलं, आपल्याकडून काढायचे राहिले. त्यांनी पुन्हा काढले. पत्ते पुन्हा आले. मागोमाग कधीच काढलेलं कॅलेंडरही येऊन बसलं. काकांनी मला खाली बोलावून विचारलं, हे तुझं काम का? मी शपथ घेऊन सांगितलं की मला ते नेटबुक नीट बंदसुद्धा करता येत नाही. त्यांचा लगेच विश्वास बसला, याचा मला थोडा रागच आला. मग आम्ही दोघांनी कारणं शोधली. व्हायरस? लिनक्सला तो होत नाही म्हणाले. वीज? फरीदाबादची वीज दिवसातून वाटेल तेव्हा जायची, पण नेटबुकाला बॅटरी होती. काकांनी सगळं उघडून, तपासून पाहिलं, सगळं जागच्या जागी. काकूंचं नाव आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही, हे आता लिहितानाही चमत्कारिक वाटतं.

यंत्रात दोष सापडेना, तेव्हा काकांनी तो स्वतःत शोधायला घेतला. गॅस बंद केला की हात लावून पुन्हा बघायचे. पार्कात फिरायला निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढायचे. एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, काल मी तुला कोबी दिली होती का? दिली होती. तरी त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी काकूंना केबल आणायला जातोय असं सांगून ते मला घेऊन काकूंच्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते त्यांनी सेकंदकाट्यासकट काढलं. शंभरातून सात सात वजा करत खाली या म्हटल्यावर ते जिना उतरावा तसे भराभर खाली आले. त्या कामाची त्यांना सवयच होती. डॉक्टर म्हणाले, आप बिल्कुल ठीक हैं. काकांनी विचारलं, मग पत्ते परत कसे येतात? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

येताना बदरपूरला मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणला होता आणि आमची ऑटो तिथे अडकून पडली. काका समोर बघत म्हणाले, "दोघांपैकी एकाला तरी आठवलं पाहिजे नं बेटा. तिचं सगळं मी धरून ठेवतो म्हटलं होतं. आता मलाच झालं असेल तर तिचं कोण धरेल?"

आठवड्याभरात मला उत्तर मिळालं, तेही अपघातानं. ऑफिसची वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं होतं. काका पेन्शनच्या कामाला गेले होते. मी दुधाची पिशवी द्यायला खाली गेले, तर आतून वर्गात पाढे म्हणावेत तसा काकूंचा आवाज येत होता. "टिंब, तिरकी रेघ, ए, ए, एन, मोकळी जागा, पी, ए, डबल टी, ई." त्या टेबलाशी बसल्या होत्या. नेटबुकाला पेनड्राइव्ह लावला होता, पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी होती, आणि प्रत्येक अक्षर म्हणत म्हणत त्या एका बोटानं ते दाबत होत्या. शेवटी त्यांनी एंटर मारलं आणि पत्ते हजर झाले.

काकांनी अगदी सुरुवातीला दोन आज्ञा बनवल्या होत्या, एक 'काढ' आणि एक 'आण'. काढायच्या सगळ्या गोष्टींची प्रत आधीच एका पेनड्राइव्हवर ठेवलेली होती, आणि 'आण' लिहून पुढे नाव टाकलं की ते जागेवर यायचं. काकांनी स्वतः 'आण' कधी वापरली नव्हती, नुसती असावी म्हणून करून ठेवली होती. पण बायकोला दाखवली होती. आणि काकूंनी जन्मभर वर्गाकडून जसं सगळं चालीत घोकून घेतलं, तशी ती ओळ स्वतःकडून घोकून घेतली होती. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवायचं नाही, पण चालीत बसलेलं काही सुटलं नव्हतं. पेनड्राइव्ह त्या बटणांच्या डब्यात ठेवत, आणि काका फिरायला गेले की काढत.

मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. मी विचारलं, हे तुम्ही करता? त्या म्हणाल्या, मग काय भूत करतं? मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी डाव अवघड होता, मी विचार करत बसले होते. यांना वाटलं, विसरले. एकदा तरी मला विचारलं का? जे जायचं ते जाईल गं. पण माझं जायच्या आधीच यांनी का काढावं?"

यांना सांगू नकोस, असं त्यांनी बजावलं आणि मी मान डोलावली.

दोन दिवस मी ते पोटात ठेवलं आणि माझी झोप उडाली. खाली एक माणूस वेड लागतंय म्हणून झुरतोय आणि त्याचं औषध माझ्याकडे आहे. काका गच्चीवर टाकी बघायला आले तेव्हा मी सांगून टाकलं. त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं, आणि परत एकदा.

"पूर्ण ओळ तिनं टाइप केली? मधली मोकळी जागा सोडली?"

"सोडली."

काका टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि माझ्याकडे पाठ करून रडले. मला इतका आनंद झाला की मीही रडले. खन्ना आंटी पलीकडून बघत होत्या. त्यांनी काय तर्क केला असेल, देव जाणे. डोळे पुसून काका म्हणाले, मला कळलंय हे तिला सांगू नको. मी पुन्हा मान डोलावली. आता माझ्याकडे दोघांची दोन गुपितं झाली आणि कुणापुढे काय बोलायचं नाही याचा रोज घोळ व्हायला लागला.

मला वाटलं होतं, आता हा माणूस काढायचं थांबवेल. उलट तो रोज काढायला लागला. दुपारी काकू झोपल्या की एक गोष्ट काढायची, संध्याकाळी मुद्दाम लांबचा फेरा मारून यायचं, आणि सकाळी चहाच्या वेळी नेटबुक उघडून आवाज चढवायचा, "हे परत कसं आलं? कोण आणतंय हे?" काकू खाली मान घालून कोथिंबीर निवडत राहायच्या आणि त्यांच्या गालांवर मला हसू दिसायचं. मी काकांना म्हटलं, अहो, त्यांना राग येतो म्हणून तर त्या आणतात, मग काढता कशाला? ते म्हणाले, काढलं नाही तर ते तिच्यात अजून आहे हे कळणार कसं? वळकटीचा आकडा तेव्हापासून खालीही गेला नाही आणि वरही नाही. तो अख्खा हिवाळा असा गेला. त्या घरात मी पाहिलेले ते सगळ्यांत सुखाचे दिवस.

यात कोण कुणाला फसवत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता काकू म्हणाल्या, यांना हल्ली काही आठवत नाही बघ, एकच गोष्ट रोज काढतात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करतायत की खरंच म्हणतायत, काही पत्ता लागला नाही. काकांना विचारावं तर ते म्हणायचे, तिला सगळं कळतं. आणि लगेच पुढे, काय कळणार तिला बिचारीला.

उन्हाळा लागता लागता काकांनी एका दुपारी पडद्यावरचं घड्याळ काढलं. सकाळी ते परत आलेलं नव्हतं. काका म्हणाले, काल पाहुणे होते, तिला वेळ मिळाला नसेल. दुसऱ्या सकाळीही नव्हतं. काकांनी नुसतंच नेटबुक मिटून ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारी मी खालीच होते. काकू स्वयंपाकघरातून मूठ मिटून माझ्याकडे आल्या आणि मूठ उघडून म्हणाल्या, "हे तुझं राहिलंय का गं इथे? बटणांच्या डब्यात होतं."

पेनड्राइव्ह होता. काका दारात उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. ते पुढे आले, म्हणाले, "माझं आहे ते," आणि त्यांनी तो काकूंच्या हातातून अलगद घेतला. काकू बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी काकू झोपल्यावर काकांनी नेटबुक पुढ्यात ओढलं. घड्याळ परत आणायला त्यांना काळी खिडकी उघडावी लागली, आणि तिथे त्यांचं बोट थांबलं. ही आज्ञा त्यांनीच बनवली होती, पण कधी लिहिली नव्हती. पहिल्यांदा लिहिली ती चुकली. मधली मोकळी जागा राहिली होती. मग मीच त्यांना हळू आवाजात काकूंचा पाढा म्हणून दाखवला, टिंब, तिरकी रेघ, आणि त्यांनी एका बोटानं, काकूंसारखंच, एकेक अक्षर दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला खाली गेले. काकांनी रोजच्यासारखं नेटबुक उघडून काकूंपुढे सरकवलं. कोपऱ्यात घड्याळ होतं. काकांनी रोजचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावरच बसला.

"हे परत कोणी आणलं?"

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. त्या किती वेळ आठवत होत्या ते दिसत होतं, आणि त्यांना काही आठवत नव्हतं तेही. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि वर्गात बोलत असतील तशा म्हणाल्या, "मी आणलं. दुसरं कोण आणणार?"

"हो," काका म्हणाले. "तूच आणलंस."